जितके मिलिमीटर, तितके टँकर

सकाळचे साडेआठ वाजलेत. पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात, सातवीतली एक मुलगी उकिडवी बसली आहे. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पाय अनवाणी. समोर दगडांच्या चौकटीत कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उभी. बाटलीचा गळा कापून तोच उलटा आत बसवलाय, नरसाळ्यासारखा. बूड सपाट नसतं म्हणून तळाशी खडे घातलेत आणि त्यावर शून्याच्या रेघेपर्यंत पाणी. बाजूला मोजपट्टी चिकटवलेली. मुलगी मान कलती करून डोळा नेमका पाण्याच्या रेषेत आणते.

"एकशे तेरा."

ओट्यावर जाऊन ती वहीत लिहिते. काल संध्याकाळचे ७४, आज सकाळचे ११३, एकूण १८७ मिलिमीटर. मग बाटली उपडी करते, शून्यापर्यंत पुन्हा पाणी भरते आणि जागेवर ठेवते.

"साडेआठच का?" मी विचारतो.

"हवामान खातं साडेआठला मोजतं. आम्ही नवाला मोजलं तर त्यांच्याशी जुळणार कसं?"

काल रेड अलर्ट होता, त्यामुळे शाळेला सुट्टी होती. बाटलीला नव्हती. शेजारच्या घराच्या पडवीतून तिची आजी हे सगळं बघते आहे. "रोज मोजून पाऊस कमी व्हायचाय काय गो?" म्हातारी विचारते. नात उत्तर देत नाही. ती आकडा एका चिठ्ठीवर उतरवून मोठ्या चुलतभावाच्या हातात देते, आणि तो देवळामागच्या टेपाडाकडे निघतो. वाडीत मोबाइलची रेंज तिथेच मिळते. तिथून हा आकडा खाली महाडच्या एका हायस्कुलातल्या सरांना जातो. यामागे कुठली योजना नाही, परिपत्रकही नाही. दोन शिक्षकांनी आपापसात ठरवलेली गोष्ट आहे ही.

जुलैचा तिसरा आठवडा आहे. या भागात या आठवड्याचं नाव काढलं की माणसं आवाज खाली आणतात. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, आणि त्याच दिवशी महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. इथल्या पोरांना ही नावं भूगोलाच्या पुस्तकातून कळलेली नाहीत. घरातल्या बोलण्यातून कळली आहेत.

साडेदहाच्या सुमाराला गुरुजी येतात. रस्त्यावर माती आली आहे म्हणून मोटारसायकल खालच्या वळणावर ठेवून चालत आलेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शाळा दोनशिक्षकी आहे, पण बाई आज केंद्रावर गेल्या आहेत, म्हणून पहिली ते सातवी एकाच खोलीत. पट विसाच्या आत. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला किंवा सुरतेला. कमी पटाच्या शाळांचं पुढे काय होणार, ही चर्चा इथे पावसासारखीच दरवर्षी येते. भिंतीवर टीव्ही आहे, लाइट कालपासून नाही. गुरुजी शनिवारी पोलादपूरला उतरले की पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ मोबाइलमध्ये भरून आणतात. आज मोबाइलही खिशातच राहतो. ते खडू घेतात आणि फळ्यावर मोठ्ठं लिहितात : १८७.

"शाळेचं छप्पर केवढं?"

"बारा मीटर बाय सहा."

"म्हणजे?"

"बहात्तर चौरस मीटर."

"एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती?"

"एक लिटर!" अख्खी खोली ओरडते, पहिलीतली दोघंही. अर्थ कळो न कळो, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलंय.

चौथीतला एक पोरगा जीभ बाहेर काढून गुणाकार करतो. हातचे बोटांवर, खोडरबर शेजाऱ्याचा. १३,४६४ लिटर. "उन्हाळ्यात वाडीत टँकर येतो तो केवढा?" गुरुजी विचारतात. दहा हजार लिटरचा. म्हणजे एका दिवसात नुसत्या छपरावर टँकरभराहून जास्त पाणी पडलं. पोरं एकमेकांकडे बघतात. मे महिन्यात त्याच टँकरसाठी हंड्यांची रांग लागते, त्या रांगेत यांतली बरीचशी उभी राहिलेली आहेत.

"आता एक हेक्टर घ्या."

सातवीची मुलगी फळ्यापाशी येते. दहा हजार चौरस मीटर गुणिले १८७. अठरा लाख सत्तर हजार लिटर. टँकर किती? ती दहा हजारानं भागायला घेते आणि मध्येच थांबते.

"गुरुजी, भागायचं कशाला? आधी दहा हजारानं गुणलं, आता दहा हजारानंच भागतोय. हे नेहमी असंच येणार. जितके मिलिमीटर, तितके टँकर."

गुरुजी फळ्याकडे बघत राहतात. ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आलेली नव्हती, हे लपवायचा ते प्रयत्न करत नाहीत. "लिही," ते म्हणतात, "हा तुझा नियम. खाली तारीख टाक."

एका हेक्टरला १८७ टँकर. शाळेमागचा डोंगर कित्येक हेक्टरांचा. आणि मग दुसरीतला एक जण, ज्याला हेक्टर म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो खरा प्रश्न विचारतो. "मग एवढं पाणी जातं कुठं?"

ओढ्यात. नदीत. "महाडला!" यावर हशा. जमिनीत. जमिनीत किती, यावर सगळे गप्प. गुरुजी उत्तर देत नाहीत, काय मोजलं तर कळेल ते विचारतात. एक जण म्हणतो ओढ्यात खुणांची काठी रोवू. दुसरी म्हणते डब्यात माती घालून वर पाणी ओतू, कधी गळायला लागतं ते बघू. दुसरा बेत लगेच करता येण्याजोगा आहे. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पडतात, मागच्या बांधावरची माती येते, पोषण आहाराचे तांदूळ मोजायचा ताणकाटा येतो. स्वयंपाकाच्या ताई चुलीवरची खिचडी सोडून दारात उभ्या राहतात. पाणी तांब्यातांब्यानं पडतंय. बराच वेळ खाली एक थेंबही येत नाही. माती फुगते, काळी होते. डबा काट्याला लावला की काटा खाली खाली जातो. शेवटी थेंब सुरू होतात, आणि आणखी दोन तांबे पडल्यावर डब्याच्या कडेची माती आपोआप सुटून आत घसरते.

"जड पण झाली आणि मऊ पण झाली," चौथीतला म्हणतो.

दरड का पडते ते यापेक्षा कमी शब्दांत मी ऐकलेलं नाही. खाली काळा कातळ, वर मातीचा थर, उतार उभा. माती पाण्यानं जड होते, तिच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि कातळावरून ती निघते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं या गावांतून फिरली आहेत, धोक्याच्या वाड्यांच्या याद्या झाल्या आहेत. त्या याद्या कचेरीत असतात. वाडीत मात्र रात्री दोन वाजता ठरवायचं असतं, आत्ता उठायचं की सकाळपर्यंत थांबायचं.

पाऊस जरा उघडतो तसे सगळे शाळेमागे जातात. चढावर एक जुनी भेग आहे. भेगेच्या दोन्ही अंगांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत, प्रत्येकीच्या डोक्यात एक खिळा. सहावीतला मुलगा टेप धरतो, दुसरा ओढतो. "एक मीटर बारा सेंटिमीटर."

"मागच्या सोमवारी?"

"एक मीटर बारा." मुलाच्या आवाजात थोडी निराशा आहे. इतका पाऊस पडून काहीच हललं नाही.

"तेवढंच आहे हेही लिही," गुरुजी म्हणतात. "तेवढंच असल्याचं लिहिलेलं नसेल तर वाढलंय हे कळायचं कशावरून?"

वाढलं तर काय, हे पोरांना पाठ आहे. आधी गुरुजींना आणि पोलीस पाटलांना सांगायचं, मग तलाठ्याला फोन. ओढ्याच्या बाजूनं पळायचं नाही, समाजमंदिराकडे जायचं. घराचं दार अचानक अडकायला लागलं, विजेचा खांब कलला, झऱ्याचं स्वच्छ पाणी गढूळ आलं, तरीही हेच. मघाची आजी काठी टेकत मागून आली आहे. "आणि झरा एकाएकी आटला तरी," ती म्हणते. "भर पावसात आटला तर समजायचं, पाणी आत कुठं तरी तुंबलंय."

नात वही उघडते. वहीत दोन रकाने आहेत, 'मोजलेलं' आणि 'ऐकलेलं'. आजीचं वाक्य दुसऱ्या रकान्यात जातं, आजीच्या नावानिशी. म्हातारीला आपलं नाव वहीत गेलं याचंच अप्रूप.

मला हे दोन रकाने महत्त्वाचे वाटतात. उद्याच्या शिक्षणाबद्दल जी भाषा कानावर येते तिच्यात कौशल्य, नवोन्मेष, एकविसावं शतक असे शब्द भरपूर असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, हातानं काम शिकायला, गावातल्या कारागिरांकडे जायला. चांगलं आहे. पण हे महाराष्ट्राला अगदीच नवं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. करत करत शिकायचं, आणि जे करायचं ते गावाच्या उपयोगाचं, ही त्यांची रीत. या वाडीत आश्रम नाही, यंत्रशाळा नाही. बाटली आहे, खुंट्या आहेत, आणि कळलेली गोष्ट कशावरून कळली हे लिहून ठेवायची सवय आहे.

दुपारी पोलादपूर स्टँडवरून महाडची एसटी मिळते. गाडी चौपदरी महामार्गाला लागते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून कोकणात जाणाऱ्या गाड्या घाट चढतच नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मेव्हण्याची घाटात चहा-वड्याची टपरी होती. "बोगदा चांगलाच झाला," तो म्हणतो, "पण गिऱ्हाईक डोंगराच्या पोटातनं जातं आता." तो स्वतः महाड एमआयडीसीत केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार आहे. मुलगा बारावीला. बापाच्या पिढीत बी.एस्सी. केमिस्ट्री नाही तर आयटीआयचा एओसीपी, म्हणजे केमिकल प्लँट ऑपरेटरचा ट्रेड, केला की बिरवाडीच्या बाजूला नोकरी ठरलेली. "आता रिॲक्टरपाशी माणूसच कमी. वर काचेच्या खोलीत एक जण बसतो, पडद्यावर बघतो. पोराला काय करायला सांगू? मुंबईला जा सांगू, तर तिथं काय राहिलंय ते मला ठाऊक न्हाय."

सावित्रीचा पूल येतो आणि गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळतात. पाणी गढूळ, रुंद, घाईत.

महाडच्या हायस्कुलात नववीचा वर्ग भरलाय. खाली दस्तुरी नाक्यावर वाहतूक चालू आहे, पण सुकट गल्लीत दोन दुकानदार पोती माळ्यावर चढवायला लागलेत. वर्गाच्या फळ्यावर सकाळचा आकडा आधीच उतरलाय : वाडी १८७. त्याखाली महाबळेश्वरचा पाऊस, त्याखाली सावित्रीची पातळी, दुपारी दोनला ५.१ मीटर. उजवीकडे दोन आडव्या रेघा, पिवळी ६ मीटरवर, ती इशारा पातळी, तांबडी ६.५ वर, ती धोक्याची.

महाडचा पूर नुसत्या महाडच्या पावसानं येत नाही. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पोलादपुरावरून उतरते, शहरापाशी तिला गांधारी आणि काळ मिळतात, आणि हे सगळं पाणी बाणकोटच्या खाडीकडे निघतं तेव्हा समोरून भरती येत असेल तर ते तुंबतं. म्हणून इथे डोंगरावरचा पाऊस आणि समुद्राची वेळ दोन्ही मांडावं लागतं.

"आज भरती कितीला?" सर विचारतात.

इंटरनेटवर कोष्टक शोधायला एक जण मोबाइल मागतो. तेवढ्यात भोई घाटाकडचा एक मुलगा उभा राहतो. "आज तेरस. तेराची पाऊणपट, पावणेदहा." आजोबांनी शिकवलेला हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मोबाइलवर शोधलेली वेळ थोड्या मिनिटांच्या फरकानं तीच निघते. सर दोन्ही फळ्यावर लिहितात. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाची भरती. २२ जुलै २०२१ चा गुरुवारही गुरुपौर्णिमेच्या तोंडावरचाच होता, हे कुणी बोलत नाही. बोलायची गरज नसते.

आता वर्गातल्या एकाची कल्पना निघते, एआयला विचारू. सर स्वतःचा मोबाइल देतात. प्रश्न टाइप होतो : आज रात्री महाडला पूर येईल का? उत्तर क्षणात येतं, शुद्ध मराठीत, मुद्देसूद. मुसळधार पावसामुळे सखल भागांत पाणी साचण्याची शक्यता आहे, नागरिकांनी सतर्क राहावे, प्रशासनाच्या सूचनांचे पालन करावे.

"सर, हे तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज वाचून दाखवता येईल," मागच्या बाकावरची मुलगी म्हणते.

वर्ग हसतो, पण सर विषय सोडत नाहीत. या उत्तराला काय माहीत नाही, ते सांगा. वाडीतले १८७ माहीत नाहीत. दोन वाजताचे ५.१ माहीत नाहीत. ते घालून विचारलं तर? विचारतात. उत्तर सुधारतं, पण वाडीतलं पाणी महाडला पोचायला किती तास लागतात यावर ते एक आकडा ठामपणे ठोकून देतं. "हा आला कुठून?" सर विचारतात. वर्ग आपली वही काढतो. या पावसाळ्यात वरचा पाऊस वाढला तेव्हा खाली पाणी केव्हा वाढलं, याच्या नोंदी आहेत. त्या नोंदींतून तो आकडा निघत नाही, वेगळा निघतो, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा. तरीही मोबाइल बाजूला टाकला जात नाही. नोंदींचा आलेख कसा काढायचा ते त्यालाच विचारतात, आणि अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं. कशासाठी विचारायचं आणि कशासाठी नाही, एवढा भेद या तासात झाला. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांसाठी याहून मोठी शिदोरी कुठलंच पुस्तक देणार नाही.

याच गावात एकेकाळी प्रश्न शाळेत काय शिकवायचं हा नव्हता, आत कोण येणार हा होता. लाडवलीच्या रामचंद्र बाबाजी मोरे या मुलाला तो अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेनं प्रवेश नाकारला. तक्रार वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा प्रवेश मिळाला, बसायला जागा मात्र वेगळी. तेच आर. बी. मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या प्रमुख संयोजकांपैकी एक झाले, आणि २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या मुलाचं भविष्य कुणी त्याला समजावून सांगितलेलं नव्हतं. घडलं ते लिहायचं, आणि ज्याला उत्तर द्यावं लागेल त्याच्यापुढे मांडायचं, एवढं त्याला शाळेच्या दाराबाहेरच कळलं होतं.

साडेचार वाजतात. वर्गात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो रात्रीची पातळी ६.२ च्या पुढे जाणार नाही, पाऊस ओसरतोय. दुसरा म्हणतो ६.६, कारण वरचं पाणी अजून उतरायचंय आणि भरती पावणेदहाची. दोन्ही बाजू सरांच्या तोंडाकडे बघतात. सर कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. फळ्यावर ते तीन रकाने आखतात. पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात कशावरून. तिसऱ्यावर लिहितात, 'चुकलो तर'.

हा रकाना भरायला वेळ लागतो. ६.२ वाली मुलगी पेन चावते. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत धान्याचं दुकान आहे. ती लिहिते : आम्ही चुकलो तर तांदूळ आणि पिठाची पोती भिजतील. लिहून झाल्यावर ती स्वतःच वाचते, आणि न विचारता म्हणते, "सर, अंदाज माझा तोच आहे. पण पोती मी वर चढवायला सांगणार."

६.६ वाला मुलगा एका ओळीत उरकतो. "चुकलो तर बाबांची रिक्षा रात्रभर उगाच चढावर उभी राहील. चालेल."